नजर कुठे ठेवायची

सोमवार

पोरा, लिहायला इतका उशीर झाला म्हणून रागावू नकोस. इथे येऊन आठवडा होत आला. आधी चष्मा सापडेना, मग पेन उमटेना, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. पण जहाजावर चढताना तू म्हणालास, बाबा, रोज थोडं लिहा, घरचं वाचलं की बरं वाटतं. खालच्या मजल्यावरची शिंपीण पानाचे फोटो काढून तुला पाठवणार आहे.

घर छान आहे. जिना चढताना माझा लोहाराचा भाता झाला, आणि दिवस भरत आलेली सूनबाई वरून हसत होती. म्हणाली, बाबा, बाळंतपण माझं आहे की तुमचं? मला खिडकीजवळची खाट दिली. मी सगळं तपासून घेतलं. गॅसची नळी जुनी आहे, न्हाणीघर निसरडं आहे, दाराची कडी सैल आहे. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

बाळंतपण घरीच करायचं ठरलंय, सुईणबाईंच्या हातून, आणि कळांचं दुखणं कमी करायचं इंजेक्शन न घेता. हे तिनंच ठरवलं. मला नवल वाटलं. मागच्या वेळी दवाखान्यात ती इंजेक्शनासाठी हात जोडत होती आणि तू डॉक्टरांना म्हणालास, काही नको, नाटकं आहेत, जरा सहन करायला शिकू दे. ते मूल जगलं नाही. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. आता स्वतःच असं म्हणते, म्हणजे मनातून गेलं असावं. मला हायसं वाटलं.

बुधवार

आज सुईणबाई शिकवायला आल्या. बाई तोंडाच्या तिखट. मला बघून म्हणाल्या, आजोबा, बसा, तुम्हालाही श्वास घ्यायला शिकवते, नाहीतर त्या दिवशी आधी तुम्हालाच झोपवावं लागेल.

मोठ्या रबरी चेंडूवर बसून कंबर कशी फिरवायची, भिंतीला हात टेकून कसं वाकायचं, नाकानं श्वास घेऊन तोंडानं हळूहळू कसा सोडायचा, सगळं दाखवलं. मग बर्फाचा खडा मुठीत धरायला दिला. सांगितलं, समोरची एक वस्तू निवड, नजर तिथेच ठेव, आणि श्वास सोडताना सगळी कळ त्या वस्तूकडे पाठवून दे. मनाची एक युक्ती, दुसरं काही नाही.

मी खडा लगेच टाकला. सूनबाईनं कपाटावरच्या काचेच्या बरणीवर नजर लावली आणि खडा पार विरघळेपर्यंत मूठ उघडली नाही. तळहात लालसुद्धा नाही. सुईणबाई म्हणाल्या, अशी शिष्या मिळायला भाग्य लागतं.

त्या गेल्यावर बरणी आपोआप तडकली. भर दुपारी, एवढ्या उकाड्यात, काचांवर दहिवर होतं. मी काचा भरल्या. तू अनवाणी फिरत जाऊ नकोस, काचेचा काही भरवसा नाही.

शनिवार

ती रोज सराव करते. काल खिडकीतल्या झाडाकडे बघून केला. आज त्या झाडाची पानं काळी पडून लोंबतायत, कडाक्याच्या थंडीत करपावीत तशी. मी म्हटलं, कीड असेल. ती म्हणाली, असेल.

मला झोप लागत नाही. म्हातारपण, दुसरं काय.

मंगळवार

आज तिनं पलंगासमोर तुझा फोटो लावला, इंजिनखोलीच्या कपड्यातला. मी खिळा ठोकून दिला. शिंपिणीला कौतुकानं सांगितलं, बघा, एवढ्या कळांत नवऱ्याचं तोंड बघायचंय पोरीला. शिंपीण म्हणाली, आमच्या ह्यांचा फोटो लावला असता तर मूल आल्या पावली परत गेलं असतं. खूप हसलो.

मग ती बर्फ घेऊन बसली.

गुरुवार

तुझा निरोप मिळाला. उजव्या हाताची बोटं काळीनिळी झाली, जहाजावरचा डॉक्टर बर्फाळ थंडीनं झालंय म्हणतो, आणि तुम्ही सगळे हसलात, कारण इंजिनखोलीत अंडं उकडेल एवढी धग.

मी नाही हसलो.

तिला विचारलं. ती बाळाची दुपटी घडी करत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, मागच्या वेळी मी एकच इंजेक्शन मागितलं होतं, बाबा. ते म्हणाले, सहन करायला शिक. शिकले.

मी म्हटलं, पोरी, मग या वेळी घे इंजेक्शन. हवी तेवढी घे. मी आणतो.

म्हणाली, इंजेक्शन घेतलं तर निम्मं वाया जाईल.

आणि मला विचारलं, दूध गरम करू का.

शुक्रवार

सुईणबाईंच्या घरी गेलो. पाया पडलो. इंजेक्शन देणारा डॉक्टर बोलवा म्हटलं. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमच्या भीतीची सुई तिला का टोचू? ती म्हणेल तसंच होईल. बाकीचं मी सांगितलं असतं तर त्यांनी मलाच औषध दिलं असतं.

परत येऊन सूनबाईसमोर हात जोडले. माझ्याकडे बघ, म्हटलं. मी म्हातारा, माझं काय राहिलंय, मला घे. तिनं माझे हात खाली केले. तुमच्यावर माझा राग नाही, बाबा, म्हणाली.

तू जहाज सोड. कुठेही उतर. हे वाचलंस तर —

रविवार, सकाळ

सुरू झालं. ती चेंडूवर बसून डुलतेय. तोंडातून हूं नाही. कळ आली की फोटोकडे बघते, लांब श्वास सोडते, मग म्हणते, गेली.

सुईणबाई म्हणतात, असं बाळंतपण जन्मात पाहिलं नाही.

तुझा फोन लागत नाही.

रविवार, दुपार

फोटो काढला. ती पाठमोरी होती तेव्हा. गॅसवर धरला, पूर्ण जाळला, राख मोरीत सोडली. वाटलं सुटलास.

तिनं रिकामा खिळा पाहिला. हसली. म्हणाली, बाबा, पाच वर्षं संसार केलाय, तो चेहरा मला तोंडपाठ आहे. आणि डोळे मिटले.

शिंपिणीनं जहाजाच्या ऑफिसातून नंबर मिळवला. कोणीतरी उचलला. मागे एक माणूस ओरडत होता. गुरासारखा. आवाज तुझा नव्हता — नसावा — फोन कट झाला.

सुईणबाईंना विचारलं, झालं ना आता, संपलं ना? त्या म्हणाल्या, कसलं आजोबा, खऱ्या कळा तर आत्ता सुरू होतील.

पान शिंपिणीला देतोय. पोरा, लवकर कळव. एक शब्द पाठव. दुसऱ्याच्या हातानं लिही, पण आहे एवढं तरी — लगेच — ती परत श्वास ओढून घेतेय, आता सोडेल —