गाडीतले दोन नकाशे

१८ जून
गाडीच्या पडद्यावर सकाळपासून एकच पाटी. नकाशाची मुदत संपली, नूतनीकरण करा. बोट लावलं की जाते. गाडी बंद करून सुरू केली की परत हजर. घेतली तेव्हा काही वर्षं नकाशा फुकट होता, आता दरवर्षी पैसे भरा म्हणतात.

प्रशांतला नागपूरला फोन केला. म्हणाला, आई, मोबाइलमध्ये सगळं असतं, कशाला भरतेस. मुलगा हुशार आहे, पण आलापल्लीच्या पुढे कधी गेलेला नाही. तिथे मोबाइल म्हणजे खिशातलं घड्याळ. गाडीतला नकाशा गाडीतच साठवलेला असतो, त्याला रेंज लागत नाही.

हे शेजारी बसून ऐकत होते. "मी आहो ना गाडीत. तुले अजून कोणता नकाशा पायजे?"

खोटं नाही. सगळी नोकरी बांधकाम खात्यात, इकडच्या दोन्ही जिल्ह्यांचे रस्ते पायाखालचे. कोणाला आयुष्यात रस्ता विचारला नाही. विचारणाऱ्यांना हसत.

पण मागच्या वर्षी इथे गोंडपिपरीच्या बाजारात गाडी ठेवून पायी घरी आले, आणि गाडी चोरीला गेली म्हणून ठाण्यात निघाले होते. मी दारातून परत आणलं. त्यानंतर यांच्या परवान्याची मुदत संपली, ती मी संपू दिली. आता गाडी मी चालवते, रस्ता हे सांगतात. तेवढं काम यांच्याकडे राहिलं आहे.

२१ जून
चंद्रपूरला गेलो होतो, शोरूममध्ये चौकशी केली. तिथल्या गृहस्थाने नव्या नकाशात काय काय आलं ते दाखवलं. पुण्याचे उड्डाणपूल, नागपूरची हॉटेलं. मी विचारलं, एटापल्लीच्या बाजूला काय बदललं? तो म्हणाला, मॅडम, सगळंच अपडेट येतं. सगळंच म्हणजे काय, ते त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, धडा न वाचता आलेलं पोर लगेच कळतं.

पैसे भरले नाहीत.

हे परत येताना खूश. राजुऱ्याकडून जिवतीला जाणारा घाट कसा फोडला ते सगळं पुन्हा सांगितलं. सालासकट. सकाळी गोळी घेतली की नाही, ते आठवत नव्हतं.

२६ जून
माधुरीचा फोन. शाळा सुरू झाली. लेक बदली होऊन एटापल्लीच्या पुढच्या आश्रमशाळेत गेली आहे, आम्ही अजून ती जागा पाहिलेली नाही. सातवा लागला. जावई सिरोंच्याला बँकेत, त्यांना इतक्यात सुट्टी नाही. म्हणून आणायला आम्हीच जायचं, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी एकदा जाऊन रस्ता बघून येऊ म्हटलं. बघितलेल्या रस्त्याने पोटुशी पोरगी आणावी, न बघितलेल्या नको.

यांनी लगेच कागदावर रस्ता काढला. आष्टी, आलापल्ली, एटापल्ली, पुढे लाकूडतोडीच्या कुपाचा जुना रस्ता, नाल्यावरचा रपटा. रपट्यावर पेन दोनदा फिरवलं. "हा मी बांधला. दगड खणून बसवले त्याचे. हत्ती गेला तरी हालत नाई."

५ जुलै
घरी आलो. अंग दुखतं आहे. क्रमाने लिहिते.

एटापल्लीपर्यंत ठीक. सूरजागडचे खनिजाचे ट्रक एकामागे एक, रस्ता लाल, काचेवर लाल चिखल. एटापल्लीच्या पुढे जंगलात एक फाटा लागला. डावीकडचा रस्ता रुंद आणि नवा, उजवीकडचा अरुंद. यंत्रातली बाई म्हणाली, दायें मुडिये. त्याच वेळी हे म्हणाले, "उजवीकडं घे."

दोघांचं एकमत. मी क्षणभरही विचार केला नाही.

उजवीकडचा रस्ता हळूहळू गवताचा झाला. मग मधोमध पळसाची रोपं. मी म्हटलं, अहो, कोणी जातं का इथून? म्हणाले, "मी जातो ना." उतारावर गाडी थांबवली, कारण समोर रपटा नव्हता. दोन्ही काठांना दगडांची तुटकी टोकं आणि मधे पाणी. आणखी थोडी पुढे गेले असते तर.

हे उतरून खाली गेले. तुटलेल्या टोकावर हात ठेवून उभे राहिले. मी हाका मारल्या, वळून बघितलं नाही. तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक बाई आली. तिने सांगितलं, रपटा कधीचाच वाहून गेला, आता डावीकडच्या रस्त्याला नवा पूल आहे, तिकडून जा. मग यांच्याकडे बघून मला म्हणाली, "त्याहीले घेऊन जा बाई. पाणी वाढते इथी."

हे गाडीत बसले. पट्टा लावला. मग हळूच म्हणाले, "मले फोन आला होता ना. रपटा गेला म्हणून."

आला होता. मला तेव्हाच आठवलं. दोन पावसाळ्यांपूर्वी खात्यातल्या कोणीतरी फोन केला होता, आणि त्या संध्याकाळी हे जेवले नव्हते. माझा रपटा गेला म्हणाले होते. कोणता, ते मी विचारलं नव्हतं. यांनी इतके बांधले.

पुलावरून गेलो. माधुरी शाळेच्या फाटकात उभी होती, कधीची कोण जाणे. पाय सुजलेत. मी आधी ते बघितलं.

६ जुलै
काल लिहायचं राहिलं. माधुरीने मला स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं. बाबाच्या भरवशावर आली होतीस का म्हणाली. मी म्हटलं, यंत्रही तेच म्हणत होतं.

"यंत्राले राग नाई येत, आई. ते बदलवून घे. आणि मले न्यायले येशील ना, बाबाले घरी ठेव."

मी ओरडले नाही. तिचं म्हणणं चूक आहे असंही म्हणता येईना. पोटात बाळ घेऊन ती त्या उतारावर बसलेली मला दिसत होती, तिलाही दिसत असणार. पाहते म्हटलं.

हे बाहेर शाळेच्या पोरांना पूल आणि रपटा यांतला फरक समजावून सांगत होते. पूल पाण्याच्या वरून जातो, रपट्यावरून पाणी जातं, पाणी उतरेपर्यंत माणसानं थांबायचं. पोरं ऐकत होती.

परत येताना विचार केला. दोघं एक बोलले म्हणून मी विश्वास ठेवला. दोन साक्षीदार मिळाले असं वाटलं. प्रत्यक्षात दोघांचं ज्ञान एकाच काळातलं होतं, म्हणजे साक्षीदार एकच. वर्गात दोन पोरांचं उत्तर सारखं चुकलं तर मी आधी बघायची, एकमेकांचं बघून लिहिलं का. कालच बघितलं नाही.

९ जुलै
चंद्रपूर. पैसे भरले. त्याच गृहस्थाने नकाशा गाडीत भरून दिला, वेळ लागला. एका वर्षासाठी. पुढे काय, ते पुढे.

तिथेच पडदा मोठा करून एटापल्लीची बाजू पाहिली. नवा पूल आहे. डावीकडचा रस्ता जाड रेघेने आहे. म्हणजे पैसे वाया गेले नाहीत, निदान इतक्यात.

हे शेजारून वाकून बघत होते. मग स्वतः बोटाने पडदा सरकवायला लागले. इकडे, तिकडे, परत इकडे. मला वाटलं चुकून बोट लागतं आहे.

"माझा रस्ता कुठी गेला?"

फाट्यापासून उजवीकडे हिरवा रंग आहे. रेघ पुसली आहे. बरोबरच आहे, तिथे आता रस्ता नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या गृहस्थाने समजावलं, काका, बंद रस्ते काढून टाकतात, लोक चुकू नयेत म्हणून. हे म्हणाले, बरोबर आहे. मग दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले.

"पुढं या ना."

"तिले बसू दे. ते ताजी आहे."

१२ जुलै
मूल तालुक्यात धाकट्या जावेकडे जाऊन आलो. हे मागे. यंत्रातली बाई पुढे. तिने सगळं बरोबर सांगितलं, एकही चूक नाही. पोहोचलो, जेवलो, आलो. जाऊबाईंनी विचारलं, भाऊजी काऊन चूप आहेत, भांडले का तुम्ही? मी नाही म्हटलं.

वाटेत एरवी किती बोलत असतात, ते आज कळलं. हा बंधारा कोणाच्या काळातला, इथे रोलर रुतला होता, या वळणावर मजुरांनी मोहाची भाजी खाऊ घातली. मला सगळं पाठ आहे, कंटाळा येतो. आज नुसती बाई. दायें, बायें, सीधे.

१३ जुलै
एक उद्योग केला. दुपारी पोस्टात जायचं होतं. यंत्राचा आवाज बंद केला आणि म्हटलं, माझ्या डोळ्यांवर ऊन येतं, पडदा दिसत नाही, तुम्ही सांगा.

"पोस्टात जायचा रस्ता?" मागून म्हणाले. "अवो, मी विसरतो. येडा नाई झालो."

पोस्ट आलं, उतरले. परत आले तर हे पुढच्या सीटवर बसलेले. म्हणाले, मागं पाय आखडते.

१६ जुलै
माधुरीचा फोन. बाबांचं काय ठरवलंस? नकाशा घेतला ना, मग तू एकटी ये, किंवा दादाला बोलव. प्रशांतला विचारलं. तो येतो म्हणतो, पण शनिवारी, आणि मोबाइल आहे म्हणतो.

माधुरी वाईट बोलत नाही. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून तिने जीपच्या रस्त्यांवरची गावं पाठ केली होती. भीती तिला रस्त्याची नाही. बाबा चुकले आणि ते तिच्या डोळ्यांदेखत चुकले, तर काय करायचं, ते तिला माहीत नाही. मलाही नाही.

यांना सांगितलेलं नाही. पण आज कपाटातून छत्री, टॉर्च, गाडी ओढायचा दोर काढून ओट्यावर मांडून ठेवला. आपण येणार हे धरून चालले आहेत.

१९ जुलै
संध्याकाळी मीच बोलले. माधुरी म्हणते तुम्ही घरी थांबा. सरळ सांगितलं. आडून बोलणं मला जमत नाही.

भाजी निवडत होते. निवडत राहिले. मग म्हणाले, "तुले काय वाटते?"

मी म्हटलं, मला वाटतं तुम्ही यावं. पण रस्ता आठवत असेल तर आठवतो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. पोरगी गाडीत असेल.

"आजपर्यंत नाई म्हटलो नाई कधी."

"माहीत आहे मला."

मेथीची एक काडी उगाच तीनदा मोडली. सकाळी निघायचं.

२० जुलै, गाडीत
थांबलो आहे म्हणून लिहिते. डायरी पर्समध्ये होती.

फाट्यावरून डावीकडे आलो, पंधरवड्यापूर्वी आलो तसेच. पुलाच्या थोडं अलीकडे रस्ता खणलेला, मुरमाचा ढीग, पलीकडे जायला जागा नाही. पाटी नाही, माणूस नाही. ढिगाच्या दोन्ही बाजूंना दोन कच्च्या वाटा झाडांत गेलेल्या, दोन्हींवर चाकांच्या खुणा. नव्या नकाशाला यातलं काहीच माहीत नाही. बाई शांतपणे सांगते आहे, सीधे चलिये.

मी यांच्याकडे पाहिलं. हे एका वाटेकडे बघत राहिले, मग दुसरीकडे. ओठ हलत होते, गावांची नावं घेत असावेत. मी घाई केली नाही. करावीशी वाटत होती, माधुरी सकाळपासून तयार होऊन बसली असणार.

मग म्हणाले, "मले पक्कं आठवत नाई."

आणि दार उघडलं. "थांब. विचारून येतो."

वाटेच्या कडेला एक म्हातारा बसला आहे, पुढ्यात पळसाच्या पानांवर सात्या, पावसाळी रानअळंबी, मांडून. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे रस्ता विचारायला उतरलेले मी पहिल्यांदा पाहते आहे. छत्री न उघडता गेले. वाकून बोलत आहेत. म्हातारा उजवीकडे हात करतो, हे मान हलवतात आणि डावीकडे हात करतात, मग दोघं नाल्याकडे बघतात. बहुतेक रपट्याचं सांगत आहेत. म्हातारा हसतो आहे. आता त्याने सात्या टोपलीत भरायला घेतल्या. म्हणजे हा आमच्याबरोबर येणार.

माधुरीला तीन वाटाडे दाखवायची वेळ येणार असं दिसतं. काय म्हणेल ते म्हणो.

यांनी लांबून मला हात केला. सात्यांची टोपली यांच्याच हातात आहे. यंत्र अजून सरळ जा म्हणतं आहे. आवाज मी बंद केलेला नाही. कमी केला आहे.