मैदान जीवनला मिळणार नाही

मी, सुलाबाई सिद्धोधन खिल्लारे, वय वर्षे सहासष्ट, रेल्वेतून निवृत्त, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, आज स्वखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला त्यांनी दिला नाही आणि मी मागितला नाही. मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी दम दिलेला नाही. मला दम देणारा अजून जन्मायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर सून मंजुषा हिला. मुलगा जीवन तिचा नवरा या नात्याने तिथे राहील. नीट वागावे.

२. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. माझी पदके मात्र मंजुषाकडेच राहतील. जीवनने ती आपल्या दुकानात मोबाईलच्या कव्हरांशेजारी मांडली होती. भर बाजारातून मी ती पिशवीत घालून परत आणली आहेत.

३. आता चुडावा रस्त्यालगतचे वीस गुंठ्यांचे मैदान. हा सगळा खटाटोप याच्यासाठीच आहे.

मी मूळची चुडाव्याची. आईबाप लोकांच्या रानात खुरपायला जायचे. शाळेतल्या बाईंनी मला खो-खोत घातले, कारण त्याला दोन खांब, रेषा आखायला थोडी फक्की आणि पाय एवढेच लागते, आणि पाय माझ्याकडे होते. राज्य पातळीपर्यंत खेळले. क्रीडा कोट्यातून रेल्वेत कारकून झाले. आमच्या घरात आलेला पहिला पगार माझ्या पायांनी आणलेला आहे. निवृत्तीच्या पैशातून मी ही जागा घेतली, ती पुढच्या पोरींना पळता यावे म्हणून. इथून पळालेल्या दोघी आज रेल्वेत आहेत, एक पोलिसात आहे. आता इथे सराव करणाऱ्या नीलमची पाळी आहे. तिची आई चार घरची भांडी घासते.

जीवनला त्या जागेवर पत्र्याचे सभागृह बांधून, एसी बसवून ‘ई-स्पोर्ट्स अकादमी’ काढायची आहे. पोरांनी गार हवेत बसून मोबाईलवर एकमेकांना गोळ्या घालायच्या आणि बाहेर येऊन स्वतःला खेळाडू म्हणवायचे. घाम कशाचा, तर चार्जिंग संपत आले त्याचा!

“आई, सरकारनं मान्यता दिलीय. तू कामून अडून बसलीस?” असे तो म्हणतो. अरे बाबा, सरकारने मान्यता मलाही दिली होती. मैदान दिले नव्हते.

४. यंदाच्या जानेवारीतल्या क्रीडा महोत्सवाबद्दल इथे नोंद करून ठेवते, म्हणजे मी उगाच आकसाने लिहिले असे कोणी म्हणायला नको. आयोजकांनी मोबाईलची स्पर्धा स्टेजवर, मांडवाखाली ठेवली. मुलींचा खो-खोचा अंतिम सामना ‘वेळ उरल्यास’. वेळ उरला नाही. पोरी पायांना पट्ट्या बांधून दिवस मावळेपर्यंत कडेला उभ्या राहिल्या. आणि मला, प्रमुख पाहुणीला, ‘क्रीडाभूषण’ द्यायला लावले मोबाईलची स्पर्धा जिंकलेल्या मानवतच्या एका अडत्याच्या पोराला. त्याने कानावरचे भोंगेसुद्धा काढले नाहीत. मी म्हटले, “बाळा, निदान उभा तरी राहा.” तर तो आईच्या तोंडाकडे बघायला लागला.

घरी आल्यावर जीवन खुशीत म्हणाला, “उद्या ह्या सर्टिफिकेटवर कोट्यातून नोकरी लागंल, बघशील तू.” तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोवर मला ही पोरकटपणाची करमणूक वाटत होती. नीलमची खुर्ची त्या पोराला मिळणार, आणि का, तर त्याच्या बापाने लाखाचा फोन घेऊन दिला म्हणून? खेळ म्हणवून घ्यायची एवढी हौस कशाला आहे ते मला त्या दिवशी कळले.

५. “मग बुद्धिबळ कसं चालतं?” असे विचारून जीवन मला गप्प करू पाहतो. बुद्धिबळाला मालक नाही, शहाण्या. तुझ्या त्या खेळाचा मालक कुठल्या तरी कंपनीत बसलेला असतो. त्याने बटण दाबले की खेळ बंद. मागे सरकारने तसला एक गेम बंद केला तेव्हा तूच दोन दिवस जेवला नव्हतास. खो-खो कोण बंद करून दाखवतो ते मला बघायचे आहे. ज्याला मालक असतो त्याला खेळ नाही, दुकान म्हणतात.

६. त्याने माझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली होती: ‘सुलाबाई खिल्लारे ई-स्पोर्ट्स अकादमी’. ती सध्या मैदानावरच्या रांजणावर झाकण म्हणून आहे. तिथेच राहू द्यावी.

७. सबब, सदर मैदान मी मुलींच्या खो-खो मंडळाला देते. तिथे छप्पर घालू नये. विकू नये. वीजजोडणी घ्यावी ती एका दिव्यापुरती. अंमलबजावणी शिक्षिका राजेश्री कांबळे करतील. माझ्या मयतीच्या दिवशी सराव बंद ठेवला तर माझ्यासारखी वाईट नाही.

८. जीवनचे नाव मंडळाच्या विश्वस्तांत ठेवते. पोटचा आहे, टाकवत नाही. पण एक अट आहे. विश्वस्त म्हणून कागदावर सही करण्याआधी त्याने मुलींबरोबर एक डाव खेळावा. तो नेहमी मला टोमणा मारतो, “तुमच्या खो-खोत बी आठ जण बसूनच असत्यात की!” तर बस, बाबा. दोन खांबांमधल्या पट्ट्यात त्या आठांत बस, गुडघे दुमडून, उन्हात. समोरून पोरगी सुसाट गेलेली दिसेल, अंग शिवशिवेल, पण उठायचे नाही. मग नीलमचा हात पाठीत पडेल. त्या क्षणी तू उठून पळालास, तर तू माझा मुलगा आहेस, सही कर. नाही उठलास तर घरी जा, मंजुषा जेवायला वाढेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सुलाबाई सिद्धोधन खिल्लारे

साक्षीदार:
१) दिनकरराव मोरे, निवृत्त गार्ड, पूर्णा
२) रुख्मिणी वाघमारे, निवृत्त परिचारिका, पूर्णा

ठिकाण: पूर्णा
दिनांक: ३ मार्च २०२५