बोधीचा पट्टा

भामरागड,
२९ सप्टेंबर २०२४

ति. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र परवा बसच्या कंडक्टरने आणून दिलं. पुरात टॉवर बंद पडला तो पडलाच, तेव्हा फोनची आशा सोडा. पाणी मात्र उतरलं आणि रस्ता सुरू झाला. मला क्वार्टर मिळालं. मी दवाखान्यात ड्युटीवर असताना बोधीला सांभाळायला शेजारच्या मंगलीबाई तयार आहेत. जूनमध्ये इथे बदली झाली तेव्हा लेकीला तुमच्याकडे वरोऱ्याला ठेवून आले, त्याला चार महिने होत आले. आता तिला घेऊन या. तुमच्या जावयाला, मिथुनला, नागपूरहून सुट्टी मिळत नाही, म्हणून हे काम तुमच्यावरच.

एक अट आहे. ती ऐकून तुम्ही चिडणार हे ठाऊक असूनच लिहिते. मिथुनने गाडीत बसवायची लहान खुर्ची आणून दिली होती, जिच्यावर आई सध्या लोणच्याच्या बरण्या ठेवते, त्या खुर्चीत पट्टे नीट बांधूनच बोधी येईल. आईच्या मांडीवर नाही.

तुमच्या गाडी चालवण्यावर माझा विश्वास नाही असं नाही. ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक जीप आली होती. रानडुक्कर आडवं आलं, ड्रायव्हरने ब्रेक मारला, एवढंच. आईच्या मांडीवरची दीड वर्षाची मुलगी समोर आदळली. आम्हाला काही करता आलं नाही. त्या बाईला साधं खरचटलंही नव्हतं. ती दिवसभर मला एकच विचारत होती, "मी त घट्ट धरून होती, मंग सुटली कशी?" तिने खरंच घट्ट धरलं होतं, बाबा. कोणाच्याच हातात तेवढी ताकद नसते.

म्हणून नीट वाचा. खुर्ची मागच्या सीटवर, बोधीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. गाडीच्या पट्ट्याने खुर्ची अशी आवळा की बुडाशी धरून हलवली तर बोटभराहून जास्त सरकू नये. वरचे पट्टे तिच्या खांद्याच्या बरोबरीच्या किंवा जरा खालच्या भोकातून येऊ द्या, पीळ पडू देऊ नका. खालचे पट्टे पोटावर नाही, जांघेवर. बकल लागलं की खालची पट्टी ओढायची आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर सैल आहे. पाठीमागे उशी, शाल काही नको. गाडी उन्हात उभी असेल तर बकलाला आधी स्वतःचा हात लावा, चटका बसतो.

जमत नसेल तर तिला आणू नका. उन्हाळ्यापर्यंत मी तिला पाहिलं नाही तरी चालेल.

माझ्यावर रागवा, पण लोभ तेवढा जागेवर ठेवा.

तुमची,
नंदिनी


वरोरा,
७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. नंदिनीस,
बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फळीवर टाकलं, दोन दिवस त्याला हात लावला नाही. तेहतीस वर्षं आलापल्लीच्या जंगलातून बांबूचा ट्रक चालवला, चाकाखाली कोंबडी आली नाही, आणि माझी पोरगी मला पट्टा बांधायला शिकवते. तुझी आई म्हणाली, लेकराले मांडीसारखी जागा नाई, हे नर्सबाईले कोणी शिकवलं नाई काय. तिसऱ्या दिवशी त्या जीपमधल्या बाईचं परत वाचलं. मग उठलो आणि खुर्चीवरच्या बरण्या उतरवल्या.

एकदम बोधीला बसवायचा धीर होईना, म्हणून पोत्यात तिच्या वजनाएवढं, बारा किलो सोयाबीन भरून ते बांधलं. पाठीमागच्या मैदानात गाडी नेली आणि करकचून ब्रेक मारला. पोतं पट्ट्यातून निसटून खाली. शेजारचे बापूराव तिथे फिरायला आलेले, त्यांनी विचारलं की सोयाबीनला आताशा गाडी शिकवता का. हसू दे. मी लेकराला श्वास घेता यावा म्हणून पट्टा सैल ठेवला होता, तिथेच चुकलं. ट्रकचा रस्सा ढिला राहिला तर ब्रेक लागताच अख्खा माल त्या ढिलाईतून धावतो आणि मग रस्सा तोडतो. हे मला कोणी शिकवायला नको होतं. लेकरू म्हणजे माल नाही, म्हणून मी ते विसरलो.

दुसरं म्हणजे जावईबापूंनी पट्टे सगळ्यात वरच्या भोकातून ओवले होते. ते मी दोन भोकं खाली घेतले. त्यांना कळव, प्रेमाने कळव.

बोधीने पहिले तीन दिवस आकाशपाताळ एक केलं. पाठीची कमान करायची, हात ताठ करायची. मी काही सोडलं नाही. रोज संध्याकाळी आनंदवन चौकापर्यंत फेरी, पट्टा नाही तर फेरी नाही. आता स्वतः हात घालते.

सोळा तारखेला चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाऊन येऊ आणि अठराला, शुक्रवारी सकाळी, निघू. चारपर्यंत तुझ्या दारात. बोधीचे कपडे तुझ्या आईने दोनदा भरले आणि दोनदा बाहेर काढले. विचारलं तर म्हणते, इस्त्री मोडते.

तब्येत सांभाळ आणि या म्हाताऱ्या विद्यार्थ्यावर माया असू दे.

तुझा बाबा,
हरिदास


वरोरा,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. नंदिनीस,
आशीर्वाद.

आधी हे वाच: आम्ही तिघंही सुखरूप आहोत आणि बोधी मजेत आहे. काल तू वाट पाहून थकली असशील. फोन लागेना म्हणून आलापल्लीच्या बसवर निरोप दिला. तो तुला कधी पोचला कोण जाणे.

माल भरून निघालं की वाटेत थांबून रस्से चाचपायचे, ही माझी जुनी सवय. चंद्रपूर ओलांडून कोठारीला थांबलो. पट्टा चिमटीत आला. मला वाटलं माझ्याच हाताने कमी आवळला गेला असेल. घट्ट केला. गोंडपिपरीला परत पाहिलं, तर पट्टा सैल आणि बोधीच्या पाठीशी शालीची घडी. शेजारी तुझी आई बसलेली. विचारलं तर म्हणाली, पट्टा रुतते. मी बोधीचा खांदा उघडून दाखवला, साधा वळसुद्धा नव्हता. मी म्हटलं, पट्टा आवळलेला राहील तरच गाडी पुढे जाईल. तिने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मंग पलटवा गाडी."

मी पलटवली. रागाच्या भरात पलटवली, हे कबूल करतो. आईला पुढच्या सीटवर बसवून तसाच पुढेही आलो असतो, पण जंगलाच्या रस्त्याला मागे लेकरू एकटं रडणार आणि माझी नजर आरशात अडकणार. ते मला नको होतं. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. अजूनही बोलत नाही.

तुला दुखवलं. पण तूच घातलेली अट आहे, ती मी मोडली नाही.

राग ओसरला की पत्र टाक.

बाबा


भामरागड,
२५ ऑक्टोबर २०२४

ति. आईस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र बाबांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

त्या शुक्रवारी मी चार वाजल्यापासून दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. अंधार पडला तेव्हा डोळ्यांपुढून ती जीप हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी कंडक्टरने निरोप सांगितला, आणि माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे? एक दिवस मांडीवर आणली असती तर काय बिघडलं असतं. हे मी म्हणाले, आई. मी. मंगलीबाई ऐकत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणून तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही.

पट्टा रुतत नव्हता ना? बाबांनी लिहिलं होतं की तू तिचे कपडे दोनदा भरलेस आणि दोनदा काढलेस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. चार महिने ती तुझ्या कुशीत झोपली. आता तिला माझ्याकडे सोडायचं, आणि सोबतीच्या शेवटच्या अडीचशे किलोमीटरमध्येही तिला हातात घ्यायचं नाही. मी एवढं मोठं पत्र लिहिलं, त्यात भोकं मोजली, बोटं मोजली. तुझा विचार एका ओळीतही केला नाही. मला माफ कर.

पण अट तीच आहे. ती मी बदलणार नाही, तुझ्यासाठीही नाही. रविवारी, तीन तारखेला, माझी सुट्टी आहे. तिला घेऊन ये.

तुझी माया मला हवीच आहे, हक्काने मागते.

तुझी,
नंदिनी


वरोरा,
६ नोव्हेंबर २०२४

चि. नंदीले,
आईचा जयभीम.

माह्यं अक्षर चौथीचं आहे, सांभाळून वाच. काल संध्याकाळी घरी पोचलो. कापूस फुटून राह्यला म्हणून थांबता आलं नाई, माघात येतो आन् महिनाभर राहतो. तुह्या दारात उतरलो तवा तू इचारलं, रस्त्यानं बोधी रडली काय. मी नाई म्हटलं. ते खोटं होतं.

आलापल्लीले तुह्या बाबानं सागाच्या झाडाखाली गाडी उभी केली. बोधीचं बकल खोललं आन् मले म्हणाले, "घे तिले. तास लागला तरी चालते." गोंडपिपरीपासून सोळा दिवसांत माह्याशी हे पहिलं धड बोलणं. मी तिले मांडीवर घेतलं. केळं चारलं, केस इंचरले. मांडीवरच झोपली. बाबा तिकडं टायर पाहत फिरत होते. चारही टायर तीन-तीन डाव पाह्यले.

तास झाला तवा मी त्याइले बलावलं नाई. मीच तिले उचललं आन् खुर्चीत ठेवलं. झोपेत माह्या गयाले तिचे हात होते, ते सोडवले. पट्टे टाकले, पीळ पाह्यला, बकल लावलं, खालची पट्टी ओढली. खांद्यापाशी चिमटीत आला. आखीन ओढली. तवा तिनं डोये उघडले आन् मले घे म्हणून हात पुढं केले. नंदी, मले वाटे का घ्यावं आन् पयून जावं. मी पट्टी आखीन बोटभर ओढली. मंग नाई आला चिमटीत.

पेरमिलीपर्यंत रडली. मी तिचा पाय धरून बसली होती, पट्ट्याले हात नाई लावला.

आता लेकरू तुह्याजवळ आहे. एखाद्या दिवशी गाडीत बसवशीन, आन् तुह्याकडं तसेच हात करंन. रडू देजो तिले. सैल नोको करू.

लेकीले आशीर्वाद, नातीले पापा.

तुही आई,
ठमाबाई