माझी बलस्थानं आणि ताईंचं पत्र

सोमवार, ४ तारीख. सकाळी ९.१०
नवी वही. आधीच्या चार वह्यांची तीन-तीन पानं भरली आहेत. म्हणजे सवय आहे, वह्याच चुकीच्या होत्या.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. आधी वाईट वाटलं. मग वाचलं की अशा माणसांकडे कामाची जबरदस्त बलस्थानं असतात. कल्पकता, तहानभूक विसरून काम, संकटात थंड डोकं. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, छान, पण तू ठेवलेलं दूध उतू गेलंय.

शुक्रवारी सगळ्या ऑफिससमोर याच विषयावर बोलायचंय. मोठ्या मॅडमनी स्वतः सांगितलं.

शिवाय ताईंचं शिफारसपत्र. ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. वॉशिंग मशीन, मिक्सर वगैरेच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी कोणी वाचत नाही, ती आम्ही बनवतो आणि ताई तपासतात. तपासणी प्रमुखाची जागा निघालीय. पत्र वरिष्ठाने, म्हणजे मी, गुरुवारी बाराच्या आत द्यायचं. अकरा वर्षांत ताईंनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मागतानाही टेबलाकडेच बघत होत्या. म्हटलं, झालंच समजा.

मंगळवार, ५
बलस्थान सिद्ध! वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीची प्रत, तिघांनी पास केलं होतं. आकृतीत गरम आणि गार पाण्याच्या नळ्यांची अदलाबदल झालेली मला दिसली. छपाई थांबवली. मॅडम शाबास म्हणाल्या. खरं तर मी आकृतीतले स्क्रू मोजत होतो. (छत्तीस.)

प्रूफ सकाळी माझ्या खुर्चीवर होतं. उचलल्याशिवाय बसताच येत नाही. मला महत्त्वाचं बरंच काही असं खुर्चीवर सापडतं. आदल्या संध्याकाळी मीच ठेवत असणार. अंतर्मन!

पत्र उद्या. अशी पत्रं घाईत लिहू नयेत.

बुधवार, ६. दुपारी ४
बारा स्लाइड्स ठरवल्या होत्या, अठ्ठावन्न झाल्या. 'एकाग्रता'साठी घारीचं चित्र हवं होतं. ते शोधताना घारीच्या डोळ्यांवर अडीच तास वाचलं. आता त्यावर कोणीही काहीही विचारावं.

पत्रही सुरू केलं. 'आदरणीय मॅडम,' इतकं झालंय. फॉन्ट पसंत नाही.

ताई दोनदा काहीतरी बोलायला आल्या आणि बोलल्या नाहीत. विचारलं, स्लाइड्स बघायच्यात का? बघितल्या. छान आहेत म्हणाल्या. त्या परत गेल्या तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. बहुतेक जेवण.

गुरुवार, ७
११.३० हेडफोन लावून भाषणाचा सराव. अप्रतिम.

२.४० अरे देवा.

२.५५ मॅडमकडे धावत गेलो. नावांची यादी बारालाच मुख्य ऑफिसला गेलीय. पत्र नाही म्हणून ताईंचं नाव नाही. मॅडम म्हणाल्या, मला वाटलं तुम्हालाच त्या योग्य वाटत नाहीत. नाही हो, म्हणालो.

३.३० ताईंना सांगितलं. म्हणजे आधी त्यांच्यासाठी चहा आणला, मग सांगितलं. त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, असू दे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वर मीच विचारलं, आठवण का नाही केलीत? विचारताना जीभ कशी रेटली माझी! त्या म्हणाल्या, बाकीचं सगळं ठेवते हो तुमच्या खुर्चीवर, पण स्वतःचंच कसं ठेवायचं?

बाकीचं सगळं. नळ्यांचं प्रूफ. मीटिंगचे कागद. मागच्या महिन्यात बायकोच्या वाढदिवसाची चिठ्ठी. ते अक्षर मला माझं वाटलं होतं.

शुक्रवार, ८
भाषण झालं. ठरवून गेलो होतो की सगळ्यांसमोर ताईंचं नाव घ्यायचं, चूक कबूल करायची. शेवटच्या स्लाइडवर तसं लिहिलंही होतं. एकविसाव्या स्लाइडला घार आली. घारीवर वेळ संपला.

टाळ्या पडल्या. ताईही वाजवत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

सोमवार, ११. सकाळी ९.३०
जागा दुसऱ्याला मिळाली. पुढची निघेल दोन वर्षांनी. माझा निश्चय: पत्र आजच लिहायचं, दोन वर्षं आधी. सही करून ताईंच्याच हातात द्यायचं. माझ्याकडे काही ठेवायचंच नाही.

९.४० 'आदरणीय मॅडम,'. फॉन्टला हात लावलेला नाही.

९.५० खुर्ची कुरकुरतेय. लक्ष लागत नाही. एकच स्क्रू ढिला आहे, दोन मिनिटांचं काम.

संध्याकाळी ५.१५ खुर्ची पूर्ण सुटी झालीय. बैठक खिडकीत, पाठ कपाटाला टेकून, चार चाकं टेबलावर. पाचवं सापडत नाही. पत्र होतं तिथेच आहे.

ताई घरी निघाल्या होत्या. माझ्या टेबलापाशी थांबल्या. हातात उद्याची फाइल. खुर्ची असते तिथे थोडा वेळ बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, ही कुठे ठेवू?