झाकणावरचा शेंदूर

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्याशी मनातल्या मनात भांडायची माझी सवय काही सुटलेली नाही. आज निमित्त झालं शेजारच्या इंजिनिअरचं. महाळुंग्याच्या एका कंपनीत आहे, शिफ्ट संपली की स्वतःची जुनी स्पोर्ट्स गाडी खोलून बसतो. तिला रेसमध्ये उतरवायचंय म्हणे. त्याने मोबाइलवर मला पेट्रोलच्या दोन टाक्या दाखवल्या. एक ॲल्युमिनियमची, लखलखीत, चेहरा दिसेल अशी. दुसरी काळी, चौकोनी, रॉकेलच्या डब्याची धाकटी बहीण शोभावी अशी. "आजोबा, तुम्ही गॅरेजवाले. कुठली घेऊ सांगा." मी गोळीची वेळ झाली असं सांगून आत आलो आणि हा कागद पुढे ओढला. हाच प्रश्न एकदा आपल्या गॅरेजात विचारला गेला होता, आणि त्यात आपल्या पत्र्याच्या मिस्त्रीचं, चाचांचं, नाव गेलं, ते आजतागायत परत आलेलं नाही.

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला आपलं गॅरेज होतं. पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते, बाकी माळ आणि बाभळी. तुम्ही मालक. म्हणजे खुर्चीत बसायचं, पुण्याहून कुणी बडी असामी आली की धोतराचा सोगा सावरत पुढे धावायचं, आणि ती गेली की आम्हाला शिव्या घालायच्या. या तीन कामांत तुमचा हात धरणारा अख्ख्या मावळात नव्हता. पत्र्याचं सगळं काम चाचांचं. चाचा गावातलेच, तुमच्याच वयाचे, गॅरेजचा पहिला खांब तुमच्याबरोबर रोवलेले. त्यांनी कथलाचा डाग दिलेल्या जोडातून पाणी झिरपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, तरी तुम्ही मला नटबोल्टच्या पुढे सरकू दिलं नाहीत. एकदा चाचा जेवायला गेले असताना मी त्यांची कात्री उचलली, तर गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "ठेव ती खाली. तुझ्या हाताचं पत्रा न्हाई ऐकायचा." ते वाक्य मी अजून बाळगून आहे. तुम्ही दिलेलं बाकी फारसं काही टिकलं नाही.

मग पुण्याच्या जुन्या घराण्यातले एक सरदार आले. विलायती दोन सीटची गाडी, तिचं टप काढून टाकलेलं, मडगार्ड छाटलेले, इंजिनाची ताकद कुणाकडून तरी वाढवून घेतलेली. लढाईच्या वेळच्या एका ओसाड धावपट्टीवर शर्यत ठरली होती आणि त्यांना जास्त पेट्रोल मावेल अशी टाकी हवी होती. तुम्ही आधीच तयार होता. लष्करी भंगाराच्या लिलावातून विमानाची एक टाकी उचलून आणली होती आणि ती घासूनपुसून टेबलावर देवासारखी मांडली होती. "साहेब, विमानाची हाय. उडणाऱ्या यंत्राची," असं तुम्ही तीनदा म्हणालात. ती गाडीच्या मानाने अवजड होती, आतून सलग पोकळ होती, मधे एकही आडवा पत्रा नव्हता, आणि ती बसवायला मागची अर्धी गाडी कापावी लागली असती, हे तुमच्या गावीही नव्हतं. चमकतं ते उत्तम, एवढंच तुमचं इंजिनिअरिंग.

चाचा ते ऐकून गॅरेजमागच्या आपल्या घरात गेले आणि आईकडून एक परात आणि मसाल्याचा रिकामा डबा मागून घेऊन आले, आत सात वाट्या असलेला. परातीत पाणी ओतून त्यांनी ती सरदारांच्या हातात दिली. "साहेब, जरा भरभर चाला, आन् झटक्यात वळा." सरदार हसत चालले, वळले, आणि निम्मं पाणी त्यांच्या बुटांवर आलं. मग वाट्यांमध्ये पाणी भरून तो डबा दिला. या खेपेला चार थेंब सांडले. "पेट्रोल बी आसंच हाय. वळणावर ते गाडीचं ऐकत न्हाई, एका बाजूला पळतं. तिकडं पळालं की नळीला नुसती हवा. मी आत पत्र्याचे पडदे घालतो, खाली बारकी भोकं ठेवतो. दिसायला डबाच राहील बरं का." सरदारांनी ओले बूट झटकले आणि चाचांची टाकी ठरवली. तुमच्या विमानाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तुमचा चेहरा मला दिसत होता. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं होतं.

टाकी आठ दिवसांत झाली. चाचांनी ती पाण्याने भरून जुन्या वर्तमानपत्रांवर दिवसभर ठेवली, कागदावर एक डाग पडला नाही. झाकणाच्या मधोमध त्यांनी सुईएवढं भोक पाडलं आणि तुम्हाला मुद्दाम दाखवलं. पेट्रोल खाली जाईल तशी त्या भोकातून हवा आत यायला हवी, नाहीतर पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल यायचं नाही. तुम्ही "व्हय व्हय, आमाला शिकवू नगा मिस्त्री," म्हणालात आणि सुपारी तोंडात टाकलीत.

शर्यतीच्या सकाळी धावपट्टीवर आपण तिघं होतो. टाकी काठोकाठ भरून झाली, आणि तुम्हाला पूजेची आठवण आली. आपल्या गॅरेजातून कुठलंही काम मारुतीच्या शेंदराचं बोट लागल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हा तुमचा नेम. पण देवाचा शेंदूर घरी राहिला होता. मग तुम्ही हत्यारांच्या पेटीतला डबा काढलात, अळशीच्या तेलात मळलेला शेंदूर, जो आपण नळाच्या आट्यांना लावायचो. कशासाठी लावायचो आबा? त्यातून हवा जाऊ नये म्हणून. नारळ फोडलात, आणि सरदारांचं लक्ष आहे ना हे बघत, त्या झाकणावर मधोमध अंगठ्याने जाड टिळा ओढलात. चाचा तेव्हा पुढे वाकून चाकांचे नट बघत होते.

तिसऱ्या फेरीत गाडी दोन आचके देऊन बंद पडली आणि घरंगळत आपल्यासमोरच येऊन थांबली. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. तुम्ही ओरडलात, "झाकण उघड रं, प्याट्रोल हाय का बघ." मी उघडलं. झाकण सैल होताच टाकीने हवा आत ओढली, तहानेलं माणूस घोट घेतं तशी. पेट्रोल वरपर्यंत होतं. तुम्ही पलीकडच्या अंगाला जाऊन टाकीच्या पत्र्यावर थापा मारत होता. मी झाकण लावलं, सरदारांनी बटण दाबलं, आणि गाडी सुरू झाली. एवढा पुरावा तुम्हाला पुरला. सगळ्यांदेखत म्हणालात, "बघा साहेब, थापा मारल्या तसा कचरा सुटला. आत पडदं घातलं की कचरा अडकायचाच. मिस्त्रीनं टाकी आतून धुतलीच न्हाई." सरदार शेवटून पहिले आले.

चाचांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "टाकी कापून बघा मालक. आत कचरा निघाला तर कात्रीला पुन्हा हात लावणार न्हाई." तुम्ही कापली नाहीत. बड्या माणसापुढे शब्द गेला होता, तो माघारी घेतला असता तर तुम्ही तुम्ही कसले. चाचा दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. कात्री बाकावर सोडून गेले होते. सांगवीला लेकीकडे राहिले, कंदील आणि बादल्या डागायचे. तिकडेही बातमी पोचली होती, त्यामुळे गाडीचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. आणि तुम्ही ती कात्री फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवलीत. "धर. आता तूच." तुमच्याकडून मिळालेली ती एकुलती एक भेट, आणि तीही दुसऱ्याची.

आयुष्यभर मी तुम्हाला कमी लेखत आलो. तुमच्या तेराव्याला लोक तुमचा मोठेपणा सांगत होते आणि मी मनात त्या टिळ्याचा जाडपणा मोजत होतो. ज्याला देवाचा शेंदूर आणि नळाचा शेंदूर यांतला फरक कळत नाही त्याला गॅरेज कशाला हवं, असं मी कित्येकदा स्वतःशी म्हटलंय. आजही म्हणतो. पण त्या इंजिनिअरने टाक्या दाखवल्या तेव्हा माझी नजर दोन्ही चित्रांत आधी झाकणाकडे गेली, आणि तिथून हलेना.

तुम्ही थापा मारत होता तेव्हा वाकून पत्र्याकडेच बघत होता, आणि चाचा पुढे इंजिनात डोकावत होते. कार्बोरेटरचं जेट साफ करायची बारीक तार माझ्या खिशात असायची. तिने मी ते भोक मोकळं केलं, टिळा अंगठ्याने पुसून टाकला आणि मगच झाकण लावलं. म्हणून गाडी सुरू झाली. तुम्हाला ते कधी कळलंच नाही आबा, कारण मी सांगितलं नाही. तुमच्या भीतीने नाही. बाकावरची कात्री मला हवी होती. हे पत्र ठेवायचं तरी कुठे, आता त्या कात्रीच्याच पेटीत ठेवीन. त्या दिवशी शर्यतीवरून परतताना चाचांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "झाकण तूच उघडलंस ना रं? काय दिसलं?" मी म्हणालो, काही नाही. माझा अंगठा तांबडा होता, मी मूठ मिटून घेतली.