उरलेलं पुस्तक पारोळ्याला

डिंडोली, सुरत
रविवार, दुपार

प्रिय चंचल,

फोन सोडून ही कागदावर काय लिहीत बसली, असं वाटेल तुला. फोनवर तू 'सगळं छान' म्हणतेस आणि फोन सासूबाईंच्या हातात देऊन मोकळी होतेस. मग मी त्यांच्याशी पापडांच्या गप्पा मारत बसते. आज मला तुझ्याशीच बोलायचंय. घाईत आहे, अक्षराला हसू नकोस.

आधी बातमी. पांडेसऱ्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी आता कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळते, ती मिल परवा मीच बंद पाडली. टेबलाखाली एक वायर नुसतीच लोंबत होती. माझी आवराआवरीची खोड तुला माहीतच आहे. सगळ्या वायरी ज्या स्विचमध्ये येतात, त्याच्या मोकळ्या खाचेत दिली खोचून. झालं. ऑफिसपासून गेटपर्यंत सगळे कॉम्प्युटर ठप्प, मालाच्या गाड्या अडकल्या, शेठ ओरडायला लागले आणि आमचे साहेब धर्मेंद्रभाई घाम पुसत एकेक मशीन बंद-चालू करत सुटले. मी मनातल्या मनात पुस्तक चाळत होते, पण माझ्या अर्ध्या पुस्तकात हे नव्हतंच.

नेटवर्कचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक आपण बाइंडरकडून मधोमध कापून घेतलं, तेव्हा तो आपल्याला वेड्यात काढत होता. पण कारखान्यात माझी पहिली पाळी, तुझी दुसरी, आणि पुस्तक एकच. दुसरं करणार काय? वायरी आणि कॉम्प्युटरचे पत्ते माझ्याकडे, बिघाड कसे शोधायचे ते तुझ्याकडे. रविवारी गच्चीवर आपापला भाग एकमेकींना मराठीत समजावायचा. माझा भाग तर वाक्याच्या मध्येच तुटतो. लग्नानंतर तुझा भाग तुझ्या ट्रंकेतून पारोळ्याला गेला, आणि ठेवून जा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मिलमध्ये मला गच्चीवरचं तुझं बोलणंच कामी आलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की निरोप त्यातच गोल गोल फिरत वाढत जातो आणि दुसऱ्या कुणाचं काही पुढे सरकत नाही. हे सांगताना तू ओढणी गरागरा फिरवली होतीस. मी वाकून वायर उपटली आणि सगळं सुरू झालं. धर्मेंद्रभाईंना खरं ते सांगितलं, चूक माझी, उपाय मैत्रिणीचा. रागावतील वाटलं, तर म्हणाले, ए बेन क्यां छे, कुठे असते ती? त्यांना दुसऱ्या युनिटला माणूस हवंय. पुढच्या सोमवारी मुलाखती आहेत.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. जेवता जेवता उठते, गच्चीवर जाते, काही न करता खाली येते. आई म्हणते, हिला एका जागी बसवा कुणीतरी. त्या खुर्चीत तुझ्याऐवजी दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. आणि राग येतो तुझा. बाइंडरशी भांडून समासातल्या टिपा वाचवणारी पोरगी फोनवर इतकी गरीब गाय कशी होते?

आता खरं सांगते. हे पत्र मी आपणहून लिहायला बसले नाही. तुझे अहो, आमचे योगेंद्रदाजी, दुकानाचा माल घ्यायला सुरतेला आलेत, विचारत विचारत आमचं घर शोधलं त्यांनी. बाहेरच्या खोलीत आईच्या हातचा चहा पीत बसलेत. म्हणाले, 'ती दुपारले पुस्तक काढस, मी उनू का पदरखाले झाकी लेस. मी काय खाई जासू तिले?' ते आले की पुस्तक पदराखाली झाकतेस म्हणे! मुलाखतीचं सांगितलं तर म्हणाले, दुकान धाकटा भाऊ बघेल, मला इथल्या मार्केटात काम मिळेल, आईला मी समजावतो. पण, म्हणाले, मी विचारलं तर ती 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणार. ते मला नको, तुम्ही विचारा. म्हणून विचारते, चंचल, तुला यायचंय का? उत्तर मला कळवू नकोस. पत्र तेच घेऊन येतायत, वाचून होईपर्यंत तुझ्यासमोरच उभे असतील. त्यांनाच सांग.

तुझीच,
चैताली