खिट्टीवरच्या चार काचा आणि पुट्टीतली एक

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीच्या तीन काचा (खंड्या, कालव्यातली नाव, बगळा), जिन्यातली लाल देठांच्या रुबार्ब भाजीच्या पानांची काच, दारावरची, घराचा एकोणीस आकडा असलेली अर्धगोल काच, त्या सर्वांच्या लाकडी चौकटी, आणि एक मुलगी, जिच्या घडणीत माझा वाटा निम्माच.

मी, डेस्मंड होलरॉइड, वय सत्तावन्न, बस डेपोतला मेकॅनिक, राहणार १९, टेंटर रो, कीथली, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दुपारच्या चहानंतर, कोणाच्याही दडपणाला न जुमानता लिहीत आहे. दडपण आणणारे पुष्कळ झाले. त्यांची नावे पुढे येतील. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझी मुलगी लॉर्ना हिला. कोणतीही अट नाही. तिने खुशाल प्लास्टिकच्या खिडक्या बसवाव्यात. "बाबा, तुमच्या त्या चित्रांमागून वारा येतो. घर माझं झालं की पहिल्या दिवशी सगळं कचऱ्याच्या गाडीत," असे ती गेल्या नाताळात पुडिंग वाढता वाढता म्हणाली. मी म्हटले, "घर तुझं होईल. काचा होणार नाहीत."

कलम २. वकिलीणबाईंनी मला बजावले, "मिस्टर होलरॉइड, खिडकी घराबरोबर जाते. ती वेगळी देता येत नाही." मी त्यांना घरी आणून दाखवले. मूळ खिडक्या जागेवरच आहेत, साध्या काचेच्या. दारावरची सोडून माझ्या काचा त्यांच्या आतल्या बाजूला वेगळ्या चौकटीत असून प्रत्येक चौकट फिरवायच्या पितळी खिट्ट्यांवर उभी आहे. खिळा नाही, पुट्टी नाही. भिंतीवरची तसबीर जितकी घराची, तितक्याच या काचा घराच्या. बाईंनी एक खिट्टी फिरवून पाहिली, मग दुसरी, आणि म्हणाल्या, "चालेल."

कलम ३. खंड्याची काच समोरच्या बावीस नंबरच्या मिसेस अख्तर यांना. त्यांनी मुलांना घरचा पत्ता शिकवला तो असा: "निळ्या पक्ष्यासमोरचं दार आपलं." कारखान्यातून उशिरा परतणाऱ्या त्यांच्या नवऱ्यासाठी मी त्या काचेमागचा दिवा चालू ठेवत असे. काच रस्त्याकडेच लावावी आणि अंधार पडल्यावर मागे दिवा असावा. घरातल्यांना ती दिवसा दिसते, रस्त्यावरच्यांना रात्री. दोघांचाही तिच्यावर हक्क आहे.

कलम ४. नावेची काच डेपोच्या उपाहारगृहाला. तिथली खिडकी भिंतीकडे उघडते. निदान पाणी तरी दिसू दे.

कलम ५. बगळा. माझा मेहुणा नेव्हिल क्रॅबट्री प्लास्टिकच्या खिडक्या विकतो. शीला, माझी पत्नी, आजारी होती तेव्हा मदत म्हणून त्याने आपल्या काच पुसायच्या औषधाच्या फवाऱ्याने बगळ्याची काच धुतली. भट्टीत न भाजलेला रंग तो. मानेवरचा सगळा करडा निघून आला. "डेस्मंड, अरे, रंगच कच्चा तुझा," हे त्याचे उद्गार. "पक्का असता तर माझ्या फवाऱ्याला बधला नसता." मी मान पुन्हा रंगवली नाही. ही काच ड्रोव्हर्स पबच्या मालकीण डोरीन यांना देत आहे. डॉमिनो खेळायच्या टेबलाशी नेव्हिलची जी खुर्ची आहे, तिच्या बरोबर समोर ती लावावी.

नेव्हिलला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असा कायदा आहे, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीला बोलावले आहे.

कलम ६. जिन्यातली काच लॉर्नाला. ही रंगवत होतो तेव्हा जेवणाचे टेबल अडले होते आणि आम्ही तिघे रविवारचे जेवण मांडीवर ताटल्या घेऊन जेवायचो. शीला रंगातले बुडबुडे टाचणीने फोडायची. दोन रंगांमधली काळी रेघ कुठे जोडायची राहिली तर लाल हिरव्यात शिरतो. ती फट सर्वांत आधी लॉर्नाला दिसायची. "बाबा, इथे गळेल," म्हणायची. ती तेव्हा शाळेत होती. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती आणि आहे. शीला पुढे याच काचेखाली, तिसऱ्या पायरीवर बसून चहा घ्यायची आणि तिचे पांढरे केस हिरवे दिसायचे.

कलम ७. दारावरची एकोणीस आकड्याची काच पुट्टीत बसवलेली आहे. ती घराबरोबर लॉर्नाकडे जाईल. ठेवायची की गाडीत टाकायची हे तिचे तिने ठरवावे. वकिलीणबाईंनी विचारले, "हिलाही खिट्ट्या लावायला विसरलात का?" विसरलो नाही.

कलम ८. अंमलबजावणी लॉर्नाने करावी. प्रत्येक काच तिने स्वतः उतरवून, उभी धरून, एका वेळी एकच, पायी पोहोचवावी. पुसायला मऊ ओला कपडा; फवारा नाही.

कलम ९. आमच्या रस्त्याच्या टोकाच्या चॅपेलला, म्हणजे छोट्या चर्चला, मी एकदा एक काच फुकट देऊ केली होती. तिथल्या कारभाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "होलरॉइड, ही खरी रंगीत काच नाही. ही घरी रंगवलेली आहे." मी म्हटले, "हो. घरी, आणि मी." ती काच म्हणजेच वरची नाव. पुढे चॅपेल विकले गेले. माझ्या प्रत्येक काचेवर उजव्या कोपऱ्यात "डी. होलरॉइड, घरी रंगवले" असे लिहिले आहे. ज्याला काच मिळेल त्याने हा कोपरा पडद्याआड जाऊ देऊ नये.

वरील सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

सही: डेस्मंड होलरॉइड
साक्षीदार, दोघेही समक्ष हजर: नेव्हिल क्रॅबट्री (कुरकुरत), कीथ लंब, पोस्टमन
कीथली, ९ मार्च २०१७

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, म्हणून हे इथे लिहितो. चॅपेलमध्ये फ्लॅट बांधणारा गृहस्थ गेल्या महिन्यात आला होता. त्याला प्रवेशदारासाठी खिट्टीवरच्या चारही काचा हव्या होत्या, चॅपेलच्याच जुन्या काचा म्हणून दाखवायला. "कोपऱ्यातलं नाव तेवढं खरवडून द्या," म्हणाला, "घरी रंगवलेल्याला कोण विचारतो?" मी त्याला चहा दिला, बिस्किटे दिली आणि नाही म्हटले. त्याने देऊ केलेली रक्कम चौदा हजार पौंड.